झाकणावरचं पाणी

सिंगापुरात वर्षातले दीडशेहून जास्त दिवस आभाळ गडगडतं. वीज कडाडली तरी इथली माणसं फोनमधून मान वर काढत नाहीत. छत्री उघडतात आणि चालू लागतात. अशा गावात गडगडाट ऐकून हातातलं काम टाकून कॉरिडॉरमध्ये धावणारी बाई म्हणजे जरा खुळीच म्हणायची. मधुमती बाबर तशी खुळी होती, आणि क्वीन्सटाउनच्या त्या जुन्या ब्लॉकच्या सातव्या मजल्यावर हे सगळ्यांना माहीत होतं.

एरवी तिच्यात खुळेपणा औषधालाही नव्हता. वय एक्कावन्न. हार्बरफ्रंटच्या एका शिपिंग एजन्सीत ती कागदपत्रं तपासायची. कंटेनरमध्ये काय आहे, कुणी पाठवलंय, कुणाच्या नावावर आहे, सही आहे का. चोवीस वर्षांत तिच्या हातून एकच कंटेनर चुकीच्या बंदरात गेला होता, आणि त्यातही चूक समोरच्याची होती हे ती अजून पटवून देते. नवरा शैलेंद्र पुण्याचा, बँकेत. मुलगी जाई सोळा वर्षांची, इथेच जन्मलेली. मराठी सगळं समजायचं, उत्तर मात्र इंग्रजीत.

पावसाचं खूळ फलोदीचं होतं. फलोदी म्हणजे जोधपूरच्याही पुढे, थरच्या वाळवंटात. तिथे मराठी माणसाचं काय काम, असं विचारणाऱ्यांना विटेकर माहीत नसतात. सांगली जिल्ह्यातल्या विटा-खानापूरकडची माणसं सोनंचांदी गाळायच्या धंद्यात देशभर पसरली. जिथे सराफ बाजार तिथे गलाईचं एखादं दुकान आणि त्यात भट्टीसमोर बसलेला कुणी बाबर नाहीतर जाधव. मधुमतीचे आण्णा विसाव्या वर्षी फलोदीला गेले ते तिथलेच झाले. घरात विट्याची मराठी, उंबऱ्याबाहेर मारवाडी. लग्नानंतर पुण्याला आल्यावर मधुमतीचं बोलणं ऐकून सासरचे आधी हसले आणि मग त्यांनाच त्यातले चार शब्द चिकटले.

फलोदीच्या घराच्या अंगणात टांका होता. टांका म्हणजे जमिनीखालचा बंद हौद. भोवतालची जमीन चुन्याने लिंपून उतरती केलेली. तिच्यावर पडलेला पाऊस वाहत येऊन एका भोकातून आत जायचा. या पाण्याला तिकडे पालर म्हणतात. नळाला चार दिवसांनी पाणी यायचं आणि तेही खारट. प्यायला, चहाला आणि डाळीला पालरच. अख्ख्या पावसाळ्यात मोठी वादळं यायची सहा, फार तर सात. टांका भरायचा तो तेवढ्यातच.

वादळ यायच्या आधीच भोकात चिंध्यांचा बोळा घट्ट बसवलेला असे. पहिल्या सरीचं पाणी धूळ आणि शेळ्यांच्या लेंड्या घेऊन येतं, ते बाहेर सोडून द्यायचं. मग वाहत्या पाण्याची ओंजळ घेऊन चाखायची. मातीची चव गेली की बोळा ओढायचा. घाई केली तर वर्षभर गढूळ पाणी प्यायचं, आणि उशीर केला तर वादळ पुढच्या गावाला निघून जायचं. नवव्या वर्षापासून हे काम मधुमतीकडे होतं. डोक्यावर विजा, पायात गुडघ्याएवढा ओहोळ, आणि दारातून आई ओरडतेय, "काय चव लागतीया? सांग की!" आज असं काम लहान मुलीला दिलं तर लोक पोलिसांत जातील. मधुमतीला मात्र आयुष्यात त्याहून मोठा मान कधी मिळाला नाही.

आणि त्याआधीचे दोन तास! वाळवंटात वादळ लपून येत नाही. चाळीस-पन्नास किलोमीटरवर ते उभं राहतं तेव्हाच दिसतं. खाली तपकिरी धुळीची भिंत, वर काळंनिळं आभाळ, आणि मधे विजा, आवाज न करता. सगळा मोहल्ला गच्चीवर. खाटा टाकलेल्या, चहा झालेला, मोर बेभान ओरडताहेत. कुणी म्हणायचं आपल्याकडे येतंय, कुणी म्हणायचं छे, पोकरणला जातंय. पैजा लागायच्या. उन्हाने चार महिने भाजून निघालेली माणसं त्या दोन तासांत इतकी खूश असायची की कर्जदार आणि सावकार एकाच खाटेवर बसायचे. गार वाऱ्याचा पहिला झोत आला की आण्णा, जे एरवी चार शब्द बोलायचे नाहीत, ते मोठ्याने हसायचे.

सिंगापूरला आल्यावर पहिला महिनाभर मधुमती रोज दुपारी हरखून जायची. रोज वादळ! आणि फुकट! मग तिच्या लक्षात आलं की इथलं वादळ दिसत नाही. ते इमारतींच्या मागून येतं आणि थेट डोक्यावर कोसळतं. अर्ध्या तासात संपतंही. ऑफिसच्या चौदाव्या मजल्यावरून तेवढं बाताम बेटाकडून समुद्रावर चालत येताना दिसायचं, तेव्हा ती खुर्ची खिडकीकडे वळवून बसायची. साहेब चिनी, समजूतदार. तेवढी पंधरा मिनिटं तिच्याकडे फाइल पाठवायचा नाही.

पण पाणी वाहून जाताना बघणं तिला जमेना. इथे मोठमोठ्या गटारांतून ते जलाशयांत जातं आणि शुद्ध होऊन नळाला परत येतं, म्हणजे अख्खं बेटच एक टांका आहे, हे शैलेंद्रने तिला नकाशा काढून समजावलं. तिला पटलं. तरी हात गप्प बसेना. जुन्या ब्लॉकच्या स्वयंपाकघराच्या खिडकीबाहेर कपडे वाळत घालायच्या बांबूंसाठी नळकांडी बसवलेली असतात. मधुमतीने दोन बांबू बाहेर काढले, त्यांच्यामध्ये प्लास्टिकचा कागद ताणून घट्ट बांधला, मधे भोक पाडून नळी लावली आणि नळीचं टोक खिडकीतून आत आणलं. पहिली दहा मिनिटं पाणी बेसिनमध्ये सोडायचं, मग चाखायचं, मग कळशी लावायची.

"मम्मा, धिस इज सो एम्बॅरसिंग लाह," जाई इथल्या इंग्रजीत म्हणायची.

"डाळ कशी शिजते बघ," मधुमती म्हणायची. आणि डाळ खरंच मऊसूत शिजायची. शैलेंद्र टोमणे मारायचा आणि दुसऱ्यांदा वाढून घ्यायचा.

या खुळात तिला एक जोडीदारीण मिळाली. शेजारची ग्येक आंटी, शहात्तर वर्षांची, एकटी राहणारी. जाई तिला आमा, म्हणजे आजी, म्हणायची. आंटीचं बालपण कामपाँगमधलं, म्हणजे इथल्या जुन्या खेड्यातलं. गावाला एक नळ. पहाटे रांग लावून दोन डबे खांद्यावरच्या दांडीला लटकवून आणायचे. पाऊस आला की घरातलं प्रत्येक भांडं अंगणात. कॉरिडॉरच्या टोकाला, आंटीच्या दारापलीकडे, तिच्या आईच्या वेळचा एक रांजण होता, तपकिरी, ड्रॅगनच्या नक्षीचा, कमरेएवढा. त्यात आंटी छत्र्या ठेवायची. एका शनिवारी मधुमतीला कळशी घेऊन घुटमळताना पाहून तिने छत्र्या काढल्या, रांजण घासला आणि बोटाने खूण केली, ओत.

तेव्हापासून सहा वर्षं शनिवार-रविवारच्या वादळांना दोघी कॉरिडॉरमध्ये प्लास्टिकच्या स्टुलांवर बसायच्या. रांजणातल्या पाण्याचा चहा, एकदा आंटीचा बिनदुधाचा, एकदा मधुमतीचा आल्याचा. आंटी बोलायची ते इंग्रजी, त्याला मलय आणि होक्कियेन या चिनी बोलीची फोडणी. इथे ते मराठीत दिलंय, फोडणी तेवढी कमी झालीय. वीज कुठे पडली यावर दोघींचं दर वेळी भांडण व्हायचं. आंटीचं म्हणणं, प्रत्येक वीज तिकडे पश्चिमेला, जुरोंगला पडते.

डासांचं काय, हे कुणालाही सुचेल. सिंगापुरात साचलेलं पाणी म्हणजे गुन्हा. तपासणीवाले टॉर्च घेऊन घरोघरी येतात, फुलदाणीखालची बशीसुद्धा उचलून बघतात. मधुमतीला हे चांगलं माहीत होतं. रांजणावर लाकडी झाकण असायचं, आत पातळ कापड. तपासणीवाले दोनदा आले, झाकण काढून टॉर्च मारून गेले. सहा वर्षांत रांजणात एक अळी सापडली नव्हती, आणि मधुमतीला याचा गर्व होता.

गेल्या जूनमध्ये ते झाकण कुजलं. आणि त्याच आठवड्यात फलोदीहून थोरल्या भावाचा, उद्धवचा, फोन आला.

"मधे, यंदा आभाळ लई चांगलं हाय. एकोणीस वर्षं झाली तुला वळीव बघून. आता न्हाई आलीस तर मी बोलायचा न्हाई."

मधुमतीने तीन आठवड्यांची रजा टाकली. साहेब म्हणाला, सगळे जपानला जातात, तू पंचेचाळीस डिग्रीत कशाला जातेस? ती म्हणाली, पाऊस बघायला. साहेबाने खिडकीकडे पाहिलं. बाहेर मुसळधार कोसळत होता. त्याने अर्जावर सही केली.

निघायच्या आदल्या दिवशी शैलेंद्रने विचारलं, "तो रांजण रिकामा करू का? तीन आठवडे आहेत."

"काही नको. गळ्यापर्यंत भरलाय."

"मधू, इथे परत पाऊस पडणार आहे. अगदी नक्की."

ते तिलाही कळत होतं. पण आईच्या घरात पालर कधी कुणी ओतून दिलं नव्हतं. जुन्या पाण्यात नवं मिसळायचं, एवढंच माहीत. तिने बाजारातून जाड प्लास्टिक आणलं, रांजणाच्या तोंडावर दुहेरी घातलं आणि दोरीने असं करकचून आवळलं की मुंगीसुद्धा आत जायची नाही. आंटीला सांगितलं, "लक्ष ठेवा हं, माझं पाणी आहे." आंटीने मान डोलावली.

फलोदीत अकरा दिवस काही झालं नाही. ऊन इतकं की दुपारी गल्लीत कुत्रंही दिसेना. उद्धवदादा रोज गच्चीवर जाऊन आभाळाला शिव्या घालायचा, जणू त्यानेच ते मागवलं होतं आणि मालात खोट निघाली. आता तिथे कालव्याचं पाणी येतं, पण चहाला अजून पालरच लागतं, आणि टांका तळाला गेला होता.

बाराव्या दिवशी पाचच्या सुमाराला दक्षिणेला एक रेघ उठली. वहिनीने गॅस बंद केला. खाटा वर गेल्या. मधुमती गच्चीच्या कठड्याला धरून उभी राहिली आणि तिला एकोणीस वर्षांनी वादळ पुरतं दिसलं, पायापासून डोक्यापर्यंत. धूळ, काळोखी, आणि आतल्या आत चमकणाऱ्या विजा. शेजारचे सोनी आजोबा ओरडले, पोकरणला जाईल! "नाही जात," ती मारवाडीत ओरडली, "इथेच येतंय!" आणि ते आलं. वारा अंगावर आला तेव्हा ती आण्णांसारखीच हसत होती आणि रडतही होती, आणि त्याची तिला अजिबात लाज वाटली नाही. दोन शिंका आल्या, धूळ नाकात गेली. मग थेंब पडले, मोजता येण्याएवढे, आणि नंतर मोजता येईनात.

"मधे, बोळा!" दादा ओरडला.

एक्कावन्नाव्या वर्षी, गुडघे दुखत असताना, ती अंगणात ओणवी झाली. ओंजळ चाखली. माती. परत चाखली. अजून जराशी. वर आभाळ फुटत होतं, भिंती थरथरत होत्या, दादाची सून दारातून "आत्याबाई, आत या" म्हणून किंचाळत होती. तिसऱ्या ओंजळीला चव गेली. तिने बोळा ओढला आणि पाणी गडगडत आत गेलं. इतकं सुख तिला कित्येक वर्षांत झालं नव्हतं.

सकाळी आठला शैलेंद्रचा फोन आला. ती त्याला वादळ सांगू लागली; त्याने तिला थांबवलं.

"ग्येक आंटीला डेंग्यू झालाय. काल हॉस्पिटलमध्ये नेलं. प्लेटलेट्स खूप खाली आल्यात."

ती उठून अंगणात आली. मग विचारलं, "रांजण?"

"तपासणीवाले तीन दिवसांपूर्वी येऊन गेले. ब्लॉकखाली डेंग्यूचा लाल बॅनर लागलाय, दहाच्या वर केसेस आहेत."

"रांजणात अळ्या होत्या?"

"रांजणात नव्हत्या. वरच्या प्लास्टिकवर. ते मधे खाली बसलं होतं, तिरका पाऊस येऊन त्यात पाणी साचलं. दोन वाट्या असेल. मी त्या बाजूला गेलोच नाही गं. लिफ्ट इकडे, मी इकडूनच..." तो अडखळला. "तू ये, मग बोलू."

मधुमती अंगणात उभी होती. समोर टांक्याचं लोखंडी झाकण, मधे थोडं चेपलेलं. कालच्या पावसाचं ओंजळभर पाणी त्या चेपेत साचलं होतं. ती बघत बसली. ऊन वर आलं, पाणी आटत गेलं, दहा वाजता झाकण कोरडं ठणठणीत होतं. इथे झाकणावरच्या पाण्याला कुणी पाणी म्हणत नाही. ते आपोआप उडून जातं. तिने जन्मभर आतलं पाणी सांभाळलं होतं, वरच्याकडे बघायची तिला सवयच नव्हती. आणि झाकणावरचं पाणी उडून जात नाही अशा गावात ती चोवीस वर्षं राहत होती.

तिने त्याच दुपारी तिकीट बदललं. दादा म्हणाला, अजून आठ दिवस हायेत, आणि एक वादळ येतंय. ती म्हणाली, येऊ दे.

घरी पोचली तेव्हा रांजण उपडा घातलेला होता. जाई दारातच उभी होती.

"मम्मा, आय वॉज देअर," ती म्हणाली, आणि मग, जे ती क्वचितच करायची, मराठीत सांगू लागली. "तपासणीचा अंकल आला ना, तेव्हा आमाला ताप होता ऑलरेडी. त्याने ड्रॉपरमध्ये त्या अळ्या घेतल्या, दाखवल्या. विचारलं, कुणाचं आहे हे? आमा म्हणाली, माझा रांजण, माझं पाणी. त्याने तिचं नाव लिहून घेतलं. मी काहीच नाही बोलले. मी नुसती उभी होते." आणि ती रडायला लागली. मधुमतीने तिला जवळ घेतलं. पोरीवर रागवायला तिला स्वतःला कुठे तोंड होतं?

हॉस्पिटलमध्ये आंटी पांढऱ्या चादरीत इवलीशी दिसत होती. हातावर सुया टोचून निळे डाग पडलेले. नर्स म्हणाली, वय जास्त आहे, पुढचे दोन दिवस महत्त्वाचे. मधुमती रोज ऑफिसमधून थेट तिथे जायची, हॉकर सेंटरमधून पातळ भाताची पेज घेऊन. आंटी दोन चमचे घ्यायची आणि डोळे मिटायची. सांगायचं ते मधुमतीच्या ओठांवर यायचं आणि तिथेच राहायचं. मरणाच्या दारात असलेल्या बाईला आपलं मन हलकं करायला काही सांगणं हाही स्वार्थच, असं ती स्वतःला समजवायची. खरं म्हणजे ती घाबरली होती. आंटी गेली तर हे पाणी जन्मभर उतरणार नव्हतं, आणि आंटी वाचली तर तिच्या तोंडाकडे बघावं लागणार होतं.

मधल्या एका दुपारी अर्धी रजा काढून ती तपासणीवाल्यांच्या ऑफिसात गेली. काउंटरवर सांगितलं, "या पत्त्यावरच्या रांजणातलं पाणी माझं होतं. नाव बदला." चोवीस वर्षं कुठल्या कागदावर कुणाचं नाव हवं हे बघण्यात गेलेली, आपल्या चुकीवर दुसऱ्याचं नाव तिला सहन होत नव्हतं.

अधिकारी तरुण होता, नम्र. त्याने स्क्रीनवर पाहिलं. रांजण त्या बाईंचा, जबाबदारी त्यांनी मान्य केली, प्रकरण मिटलं, म्हणाला.

"त्या माझ्यामुळे आजारी पडल्या का?"

त्याने विचार करून उत्तर दिलं. डास मोठा व्हायला आठवडा लागतो, विषाणू त्याच्यात तयार व्हायला आणखी आठवडा-दीड आठवडा. दिवस मोजले तर त्यांना चावलेला डास बहुतेक दुसरीकडचाच. त्या ब्लॉकमध्ये आणखी पाच घरांत अळ्या सापडल्यात. "पण नक्की कुणीच सांगू शकत नाही," तो म्हणाला.

तिला शिक्षा हवी होती किंवा सुटका, आणि काउंटरवर दोन्ही नव्हतं. ती बाहेर आली, बस पकडली आणि हॉस्पिटलला गेली. त्या संध्याकाळी पहिल्यांदा प्लेटलेट्स थोड्या वर आल्या होत्या.

आंटी नवव्या दिवशी घरी आली. मधुमतीने तिचं घर झाडून-पुसून ठेवलं, दोन वेळचं जेवण जाईच्या हाती पाठवलं, आणि स्वतः मात्र "ऑफिसमध्ये फार काम आहे" म्हणत टाळत राहिली. जाईला तिचं सगळं कळत होतं. ती डबे नेऊन द्यायची आणि काही विचारायची नाही.

शनिवारी तीनच्या सुमाराला अंधारून आलं. पहिला गडगडाट झाला तेव्हा मधुमती कणीक मळत होती. ती उठली नाही. दुसरा झाला, खिडक्या हादरल्या. शैलेंद्रने पेपरातून मान वर काढून तिच्याकडे बघितलं. इतक्या वर्षांच्या संसारात गडगडाट होतोय आणि ही ओट्याशी, असं त्याने पाहिलं नव्हतं.

"जा की," तो म्हणाला.

"कणीक राहिलीय."

मग दारावर थाप पडली. काठीने.

आंटी दारात उभी होती, गालफडं बसलेली, एका हातात स्टूल. "बहिरी झालीस का? पाऊस आलाय."

आता पळायला जागा नव्हती. मधुमती पिठाच्या हातांनीच बाहेर आली. आंटी स्टुलावर टेकली. पाऊस कॉरिडॉरच्या कठड्यावरून उडून पायांवर येत होता. मधुमती उभीच राहिली आणि तिने एका दमात सांगून टाकलं. पाणी माझं होतं. शैलेंद्र ओतून टाकतो म्हणाला, मी नको म्हटलं. प्लास्टिक मीच बांधलं. तुम्ही माझ्यामुळे मरता मरता वाचलात. मी तिकडे पावसात नाचत होते आणि तुम्ही इथे...

आंटी पावसाकडे बघत होती. "मला माहीत होतं," ती म्हणाली.

"काय?"

"त्या अळ्या. तू गेलीस त्याच्या पुढच्या रविवारी मी बघितल्या. वर, प्लास्टिकवर. वळवळत होत्या. कामपाँगमधे लहानपणापासून बघतेय, मला कळणार नाही?"

मधुमतीला समजेना. "मग तुम्ही ओतून का नाही दिलंत?"

"कशी ओतू?" आंटी जरा चिडूनच म्हणाली. "रांजण जड, माझ्याने हलत नाही. प्लास्टिक सोडलं तर वरची घाण आत जाते. आत तुझं चांगलं पाणी. वरचं वाटीने उपसावं, तर तेही तुझंच. तू सांगून गेलीस, लक्ष ठेवा, माझं पाणी आहे. माझी आई म्हणायची, दुसऱ्याच्या पाण्याला हात लावायचा नाही, विचारल्याशिवाय. म्हटलं, ती येईल, ती ठरवेल. रोज बघून यायचे. रोज." तिने खोकून घसा साफ केला. "अंकल आला तेव्हा काय सांगू? लक्ष ठेवणारी मीच."

मधुमती खाली फरशीवर, ओल्यातच बसली. इतके दिवस ती आपल्या एका चुकीचा हिशेब लावत होती. आणि ही म्हातारी, पहाटे दोन डबे पाणी वाहून वाढलेली, तिचं पाणी बाटू नये म्हणून रोज डासांपाशी जाऊन उभी राहत होती. तिने आंटीचे दोन्ही पाय धरले, कणकेच्या हातांनी. आंटीने पाय सोडवायचा प्रयत्न केला नाही. लोक बघतील म्हणून इकडेतिकडे पाहिलं मात्र.

"पुढच्या वेळी जाशील तेव्हा नीट सांगून जा," आंटी म्हणाली. "ओतायचं की ठेवायचं. मला अंदाज बांधायला आवडत नाही."

पाऊस जोरात होता. मधुमतीने डोळे पुसले आणि आपल्या आईच्या घरात आजवर कुणी न उच्चारलेलं वाक्य ती मोठ्याने, गडगडाटाच्या वर आवाज चढवून बोलली.

"ओता, आंटी. सगळं ओतून द्या."